चार छपरांचा चहा

मर्व्ह ट्रेझाइज रेडिओवर क्रिकेट ऐकत बसला आणि बाहेर बायकोच्या, म्हणजे नोरीनच्या, गुलाबांना लावलेला टाकीचा नळ उघडाच राहिला. सामना अनिर्णित सुटला, टाकी मात्र साफ हरली.

टाकी पावसाच्या पाण्याची, म्हणजे घरातलं सोनंनाणंच. ऑस्ट्रेलियाच्या चहूबाजूंना समुद्र असेल, पण मर्व्हच्या मेंढ्यांच्या रानावर पाऊस असा रुसला होता, की बाप्तिस्म्याला पाद्रीबाबा ओल्या फडक्यावर भागवायचे. बोअर होती म्हणा; पण तिच्या पाण्याचा चहा मेंढ्यासुद्धा हुंगून माघारी फिरायच्या.

नोरीन बहिणीकडे गेली होती. उद्या दुपारी येणार आणि आल्या आल्या चहा मागणार. मागे अर्धीच टाकी सांडली होती, तर मर्व्हनं सबंध हिवाळा लोकर कातरायच्या शेडमध्ये झोपून काढला होता. आता तर अख्खी!

मर्व्हच्या रानापर्यंत फोनची तार आली नव्हती, म्हणून त्यानं बिनतारी यंत्रावर शेजारच्या लिंडसेला गाठलं. शेजारी म्हणजे गाडीनं तासाभराच्या वाटेवरचा. पंचाईत एवढीच, की बिनतारीवरचं बोलणं सारा मुलूख ऐकतो. दुसरी करमणूकच नाही.

"लिंडसे, जरा ते... ते हवं होतं रे."

"ते म्हणजे?"

"वरून पडतं ते."

"पोपट? उन्हानं आमच्याकडेही पडतायत."

"अरे, ओलं असतं!"

"बियर होय! मग तसं सांग की लेका!"

"बियर कधी वरून पडते का?"

"माझ्या नशिबात कुठली पडायला!"

मधेच कुणीतरी खोकलं. तो खोकला लिंडसेचा नव्हता. मग कुणीतरी नाक शिंकरलं. मर्व्हनं घाईनं यंत्र बंद केलं. त्याच्या अंगाला दरदरून घाम सुटला होता. घरात काय ते पाणी तेवढंच.

सकाळी तो टोमणे खायची तयारी करून ओसरीवर बसला. त्या मुलखात रुतलेल्या गाडीला दोर नंतर बांधतात, आधी पोटभर हसून घेतात. पण लिंडसे गाडीत पाण्याची पिंपं घेऊन आला, मुकाट्यानं टाकीत ओतली आणि मर्व्हच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुझ्यासारखा माणूस पाहिला नाही गड्या." मागोमाग व्हेरा क्राउच आली. ही बाई मयताच्या घरीही मेलेल्याच्या चुका मोजायची. तिनंही पिंप रिकामं केलं, डोळे पुसले. "देव तुझं भलं करो, मर्व्ह." पबवाला हॅलोरन तर टोपी काढून उभा राहिला. मग पाद्रीबाबाही कॅन घेऊन आले. हसलं मात्र कुणीच नाही.

मर्व्हचा धीर सुटला. आपल्याला काही मोठं दुखणं झालंय आणि डॉक्टरनं ते आपल्याला सोडून सगळ्यांना सांगितलंय की काय?

नोरीन आली. त्यानं कप पुढे केला. तिनं घोट घेतला, डोळे मिटले.

"लिंडसेचं छप्पर. निलगिरीचा पाला." दुसरा घोट. "व्हेराची कबुतरं." तिसरा. "हा गंज हॅलोरनच्या पत्र्याचा. आणि चर्चची वटवाघळं."

मर्व्हची नजर शेडकडे गेली. "नोरीन, माझ्याकडून—"

"ठाऊक आहे. तू बियरचं बोलत होतास, तेव्हाच व्हेराचा मला फोन आला."

"मग मला कुणी हसलं कसं नाही?"

"कारण नळ मी उघडा टाकून गेले, असं सांगितलं मी तिला. म्हटलं, माझी चूक झाकायला बिचारा मर्व्ह धडपडतोय. व्हेराला सांगितलं म्हणजे मुलखाला सांगितलं. खरं कळलं असतं तर लोकांनी नुसते विनोद आणले असते, पाणी नाही."

मर्व्हचा जीव भांड्यात पडला. तरी त्यानं चाचरत विचारलं, "म्हणजे शेड...?"

"शेड कसली?" नोरीननं त्याचाही कप भरला. "एवढा गुणी नवरा म्हणून घरोघरी तुझं कौतुक चाललंय. त्याला शेडमध्ये झोपवलं तर लोक मला काय म्हणतील?"

मर्व्हला तो चहा कबुतरांसकट गोड लागला.