पडद्यावरची टिकली

बायका टिकली काढून आरशावर चिकटवतात. आमच्या शेजारच्या सरोजबाई खरे ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर चिकटवत. तीही कुठेही नाही. वर, उजव्या कोपऱ्याशी, नेमक्या एका जागी. मरून रंगाची, चांगली ठसठशीत. गोंद सुकून पडली की तिथेच दुसरी. मला आधी वाटलं, दसऱ्याची पूजा असेल. माझ्या ऐरणीला मीही हळदकुंकू लावतो. पण दिवाळी झाली, संक्रांत झाली, टिकली हलेना.

मी कसबा पेठेतला तांबट. शाळा चौथीपर्यंत, तीही मास्तर घरी येऊन ओढून न्यायचे म्हणून. पण एखादी गोष्ट कळली नाही तर मी ती सोडत नाही, आणि कोणाला विचारत तर मुळीच नाही. 'मला कळत नाही' हे वाक्य या तोंडातून कधी गेलेलं नाही. पातेल्याची चीर कुठे आहे हे पातेल्याला विचारतात का? उजेडात धरायचं नि बघायचं.

तर बाईंना मी उजेडात धरलं.

बाई टेलिफोन खात्यातून रिटायर झालेल्या. उभा जन्म ट्रंक कॉल जोडण्यात गेला. अजून त्यांचं दार वाजवलं की आतून "कोण आहे?" येत नाही, "बोला!" येतं. मंडईत भाजीवाल्याने मध्येच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे पाहिलं तर म्हणतात, "माझी लाइन चालू आहे." मला एकदा अभिमानाने सांगत होत्या, "तात्या, माणूस फोन कधी ठेवणार, हे मला त्याच्याआधी कळायचं. 'बरं, मग' म्हणाला, की संपलं. माझा हात वायर काढायला निघालेला असायचा."

कॉम्प्युटर त्यांच्या मुलाचा, निखिलचा. तो अमेरिकेला गेला, हा इथे राहिला. पडद्याच्या वरच्या कडेला सदा एक पिवळी पट्टी. त्यावर इंग्रजीत काहीबाही. मी नुसतं तिकडे बघत राहिलो, तेव्हा बाईच म्हणाल्या, "ब्राउझर जुना झालाय म्हणतंय. ब्राउझर म्हणजे इंटरनेटचं दार हो. नवं बसवा म्हणे."

"मग बसवा."

"चालू आहे ना? मग हात लावायचा नाही."

माझी नजर टिकलीवर अडकलेली बाईंनी पाहिली.

"तिच्याखाली ते नवं बसवायचं बटण आहे. आल्यागेल्याचा हात लागतो."

आल्यागेल्यात मी एकटाच होतो, पण ते असो.

दर रविवारी सकाळी निखिलचा फोन यायचा. माझा चहा तेव्हा तिकडेच. बाई फोन मोठ्या आवाजावर ठेवत.

"आई, आज ते अपडेट करूनच टाकू. वर पिवळी पट्टी दिसते?"

"वर पंखा दिसतोय."

"पडद्यावर गं! उजवीकडे बघ."

"माझ्या उजवीकडे की त्याच्या?"

"अगं आई, तू अख्खं एक्स्चेंज चालवायचीस!"

"तेव्हा बटणं खरी होती. बोटाला लागायची."

तो हसायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. मधेच नाश्ता काय केलास, तिकडे थंडी किती, नात रेवा काय करते, हेही होऊन जायचं. चहा पिऊन, कप विसळून झाला तरी बटण काही सापडायचं नाही. शेवटी तोच म्हणायचा, "जाऊ दे, पुढच्या रविवारी बघू." बाई कपाळाला हात लावून म्हणायच्या, "मेलं जमतच नाही."

मी म्हटलं, म्हातारपण. अक्कल कमी व्हायचीच. माझी सोडून सगळ्यांची होते.

मग एकदा खालच्या जोशांकडे कल्हई केलेली परात द्यायला गेलो. सरोजबाई तिथे उभ्या. जोशांच्या पडद्यावर तीच पिवळी पट्टी, आणि जोशी घामाघूम.

"जोशी, ते विचारतंय तर उत्तर द्या की," बाई म्हणाल्या. वाकल्या, टकटक दोनचार बटणं दाबली, आणि पट्टी गेली. बसल्यासुद्धा नाहीत. जोशीवहिनींनी चहाचं आधण ठेवायच्या आत बाई जिना चढत होत्या.

मी परात हातात घेऊन तसाच उभा. विचारलं नाही. पण त्या दिवशी चीर दिसली.

पुढच्या रविवारी निखिल जरा घाईतच बोलला. "आई, रेवा चालायला लागली! व्हिडिओ टाकलाय. पण तुझ्या त्या जुनाट ब्राउझरवर उघडणारच नाही. आता तरी कर गं."

बाईंनी पंख्याचा विनोद केला नाही. फोन झाल्यावर टिकलीकडे बघत बसल्या. "तात्या, चहा गार झाला तुमचा," एवढंच म्हणाल्या.

त्यानंतरच्या रविवारी गेलो तर पडद्यावर टिकली नव्हती. पट्टीही नव्हती. एक गोरंगोमटं पोर डुगडुगत चालत येत होतं, धपकन बसत होतं. बाई पुन्हा पुन्हा तेच लावत होत्या.

"दाबलंत?" मी म्हणालो.

"दाबलं. पोरीची पहिली पावलं आहेत हो. ती थोडीच माझ्यासाठी थांबणार."

फोन वाजला.

"आई, दिसली रेवा? म्हणजे जमलं तुला! शाब्बास! सुटलो बाबा एकदाचे. बाकी?"

"बाकी ठीक."

"तब्येत?"

"ठीक."

मग तो म्हणाला, "बरं, मग..."

बाईंचा हात उठला. सवयीने उठला असेल. फोनच्या दिशेने निघाला आणि मध्येच थांबला.

मी खुर्ची पुढे ओढली.

"निखिल, मी तात्या. ठेवू नकोस. मलाही ते कॉम्प्युटरचं शिकायचंय. आईच्याच कॉम्प्युटरवर. मला..." हातातला कप खाली ठेवला, "मला त्यातलं काही कळत नाही."

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या.

"काका, तुम्ही?" तो हसत सुटला. "बरं, आधी माऊस हातात घ्या. उंदरासारखा दिसतो तो."

"कुठे रे? इथे तर नुसता पंखा दिसतोय."

बाईंनी पदर तोंडाला लावला. मग घसा साफ केला, आणि अगदी ट्रंक बोर्डावरच्या आवाजात म्हणाल्या, "लाइनवर राहा हं. जोडून देते."