मिशीतून जाणारी हवा

जे मशीन आपल्या हातून सरळ झालं नाही ते मशीनच नव्हे, असं छगन स्वतः सांगत असे. दुसरं कोणी सांगत नसे. झोपेत तासाला चाळीस वेळा श्वास अडकतो म्हणून धुळ्याच्या डॉक्टरांनी त्याला नाकावर मास्क लावून झोपायचं मशीन दिलं, तेव्हा तो बायकोला म्हणाला, "आठ दिवसांत बघ कसं सरळ करतो."

आठ दिवसांत मशीननेच त्याला सरळ केलं. मास्कच्या कडेने हवा सुटायची, रात्रभर फुस्स फुस्स चालायचं, आणि कोकिळा उशी उचलून पुढच्या खोलीत जायची. छगनने पट्टे आवळले. गालांवर वळ उठले. मिशीला व्हॅसलिन चोपडलं. मास्क घसरून कपाळावर गेला. शेवटी मशीन विकणाऱ्या माणसाला बोलावलं. त्याने मोबाइलवर रात्रीचा आलेख पाहिला, मग छगनकडे पाहिलं.

"साहेब, हवा मिशीतून जाते."

"मग?"

"काढून टाका. श्वास असाच अडकत राहिला तर हृदयावर येईल. डॉक्टरांनी सांगितलंय ना?"

तीस वर्षांची मिशी त्या संध्याकाळी बेसिनमधून वाहून गेली. हवा ओलसर राहावी म्हणून मशीनच्या टाकीत पाणी भरायचं तेवढं राहून गेलं, त्यामुळे सकाळी घसा पार बसला. पण छगन सात तास सलग झोपला. तो जिवंत आहे ना, हे कोकिळा दोनदा येऊन बघून गेली.

आता, आपल्याकडे बाप गेल्याशिवाय मिशी कोणी काढत नाही, हे छगनला माहीत नव्हतं असं नाही. झोपेपुढे सुचलं नाही, एवढंच. डोकं म्हणाल तर ते दहा वर्षांपासून तुळतुळीत, त्यामुळे तिकडूनही काही खुलासा होण्यासारखा नव्हता.

ऑफिसात पाऊल टाकताच सगळे उभे राहिले. शेजारच्या टेबलावरच्या ज्ञानेश्वरने त्याच्या हातातली फाइल काढून घेतली. "दहावं होईपर्यंत यायचं नाही हो, भाऊ."

"अरे, बाप चांगला आहे माझा! मिशी मशीनसाठी काढली. मास्क बसत नव्हता."

बसलेल्या घशातून हे अशा आवाजात निघालं की ऑफिसातल्या दोघींनी डोळ्यांना पदर लावला. "दुःखात माणूस काहीही बोलतो," ज्ञानेश्वर हळूच म्हणाला. आबा ठणठणीत आहेत हे दाखवायला छगन मोबाइलमध्ये त्यांचा फोटो शोधू लागला. मशीनचे अकरा निघाले, आबांचा एकही नव्हता. ज्ञानेश्वरने मग ऑफिसच्या ग्रुपवर 'छगनभाऊंचे वडील' असं लिहून फोटोऐवजी नुसतंच फूल टाकलं.

पंधरा मिनिटांत ते फूल फिरत फिरत पारोळ्याला पोचलं आणि तिथून बहिणीचा, भिकुबाईचा, फोन आला. "मना बाप गया आनि माले सांगं नही तू?"

"अवं, आबा चांगला शेतस."

"कशावरून? कवय बोलना तू आबासंगे?"

आबांशी शेवटचं कधी बोललो, हे छगनला आठवेना. आखाजीच्या सणाला जाऊ म्हणता म्हणता दोन आखाज्या गेल्या होत्या. आबा साक्रीकडच्या गावी थोरल्या भावाकडे, समाधानकडे राहत, आणि समाधानशी पाच वर्षं बोलणं नव्हतं. बाप गेला तर तो कळवेल का? छगनला छातीवर हात ठेवून हो म्हणता येईना. दुपारपर्यंत तो समाधानला फोन लावत राहिला. बंद. आपला बाप आहे की नाही, हे ऑफिसाला पक्कं ठाऊक, आणि आपल्याला नाही. त्याने मोटरसायकल काढली.

आबा ओट्यावर बसून शेंगा फोडत होते. छगन समोर जाऊन नुसता उभा राहिला. मोतीबिंदूच्या डोळ्यांनी आबांनी वर पाहिलं आणि हात जोडले.

"या भाऊ. कोन गावना?"

"धुये," छगन कसाबसा घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"धुयाले मना धाकला आंडोर शे, छगन. तेले रातले झोप लागत नही, भिकु सांगे. भेटना तं सांगजा, आबा मजामा शे, काळजी करू नको."

छगनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. 'मीच तो' एवढंच म्हणायचं होतं, तेही जमेना. तेवढ्यात गावाच्या शिवेवरून हंबरडा ऐकू आला. माहेरचं कोणी गेलं की शिवेपासूनच रडत यायचं, ही इकडच्या लेकीबाळींची रीत. भिकुबाई जीप करून निघाली होती. शब्द कळत नव्हते.

आबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "हाऊ आवाज तं मनी भिकुना शे," ते म्हणाले. मग त्यांनी धुळ्याहून आलेल्या, धड न बोलणाऱ्या त्या माणसाचा चेहरा न्याहाळला. मिशी नव्हती.

"मना छगन गया का हो?"

"नही आबा, नही!" छगन त्यांच्या पायाशीच बसला. "मीच छगन शे."

आबांनी हात पुढे करून त्याचं तोंड चाचपलं. कपाळ, नाक, मग नाकाखालची मोकळी जागा. तिथे बोट थांबलं.

"मी जित्ता शे ना रे. कोनाकरता काढी?"

"झोपकरता, आबा."

आबांनी मांडीवरची शेंगांची टरफलं झटकली. मग म्हणाले, "मंग? लागनी का झोप?"

काल रात्री कित्येक वर्षांत लागली नव्हती अशी गाढ झोप लागली होती. हे कोणत्या तोंडाने सांगायचं? भिकुबाई ऊर बडवत अंगणात शिरली, तेव्हा बहीण अगदी वेळेवर आली असं छगनला आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.