दुसऱ्या मजल्यावरचा विक्रमी वेग

वेग ही मानवी प्रगतीची एकमेव खात्रीलायक खूण आहे. माणूस कुठे चालला आहे हे कुणालाच सांगता येत नाही, पण किती वेगाने चालला आहे हे मोजता येतं. आणि जे मोजता येतं, त्याचा फलक लावता येतो. आमच्या इमारतीत असा फलक जिन्याखाली, विजेच्या मीटरांशेजारी लावला आहे.

पूर्वी इथे एकटा केबलवाला होता. त्याचं इंटरनेट शंभरचं होतं आणि लोक त्याला शिव्या देत सुखाने राहत होते. मग फायबरवाले आले आणि त्यांनी तीनशेचं पत्रक वाटलं. केबलवाल्याने दुसऱ्याच दिवशी चारशेचं वाटलं. (तार जुनीच होती, पत्रक नवं होतं.) फायबरवाले सहाशेवर गेले. हे आकडे एमबीपीएसमध्ये असतात. एमबीपीएस म्हणजे नेमकं काय, हे इमारतीत फक्त तळमजल्यावरच्या भाडेकरूला ठाऊक होतं, पण भाडेकरूंना बैठकीत बोलता येत नाही.

अखेर दोन्ही पक्षांनी निकोप स्पर्धेच्या हेतूने संयुक्त योजना काढली. महिनाभर अधूनमधून, न सांगता घरोघरी येऊन वेग मोजायचा आणि सर्वांत वेगवान घराच्या दारावर 'आदर्श जोडणी' अशी पितळी पाटी लावायची. मोजणीच्या वेळी घरात कुणी इंटरनेट वापरत असेल, तर आकडा पडतो. (हा नियम नव्हे, निसर्ग आहे.)

दुसऱ्या मजल्यावर एक निवृत्त हेडक्लार्क राहतात. आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांच्याकडे केबल. समोरच्या दारात निवृत्त ओव्हरसियर, त्यांच्याकडे फायबर. दोघांचं वर्षानुवर्षं उत्तम जमत होतं, कारण तेव्हा दोघांकडे केबलचं शंभरच होतं. काकांनी योजनेचा शांतपणे अभ्यास करून सिद्धान्त मांडला: वापरल्याने वेग कमी होतो, मोजणी कधीही होऊ शकते, सबब वेग कधीच वापरू नये. घरातलं चांगलं ते कपाटात ठेवायचं असतं, हे आपल्या लोकांना वेगळं शिकवावं लागत नाही. काकांनी टीव्हीवर कापड टाकलं. त्याच संध्याकाळी ओव्हरसियरांनीही टाकलं. बातम्यांसाठी दोघंही कोपऱ्यावरच्या वाचनालयात जाऊ लागले आणि एकाच बाकावर बसून एकमेकांशी बोलेनासे झाले.

अडचण एकच होती. काकांचा मुलगा दूरदेशी नोकरीला असतो. त्याला नुकतीच मुलगी झाली होती आणि काकूंना नातीला बघायचं होतं. काकूंच्या फोनवर नेटचा पॅक नव्हता. (घरात एवढा वेग असताना पॅक कशाला, असं काकांचं मत होतं.)

"अहो, दोनच मिनिटं बघते," काकू म्हणाल्या.

"अगं, मोजणारे काय सांगून येतात? महिन्याभराचा तर प्रश्न आहे. पोर कुठे पळून चाललंय का?"

"पळत नाहीये, पण मोठी होतेय ना."

काकांनी हा मुद्दा ऐकून घेतला आणि फेटाळला. मुलाने फोटो पाठवले होते, पण फोटो उघडायलाही वेग लागतो, म्हणून ते धूसरच ठेवण्यात आले. काकू त्या धूसर चौकोनांकडे बघून नाक कुणावर गेलंय ते ठरवायच्या.

महिनाअखेरीस अत्यंत समाधानकारक निष्कर्ष हाती आले. इमारतीतला वापर नव्वद टक्क्यांनी घटला, वेग दुप्पट झाला आणि तक्रारी शून्यावर आल्या. (तक्रार ऑनलाइन करायची असते.) हे आमच्याच तंत्रज्ञानाचं यश आहे, असं दोन्ही कंपन्यांनी स्वतंत्रपणे जाहीर केलं.

शेवटच्या दिवशी काका आणि ओव्हरसियर बरोबरीत होते. मोजणी करणारा माणूस आला, काकांच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला, आणि नेमका तेव्हाच काकूंचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. काकूंनी तो घेतला. कसा घेतला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

चित्र आलं ते आरशासारखं स्वच्छ. इतक्या दिवसांत त्या घरात साठवलेला सगळा वेग एकदम कामाला लागला होता. दुपट्यावर पालथी पडलेली मुलगी डोकं उचलून समोर बघत होती.

"आई, बघ, मान धरायला लागली," मुलगा म्हणाला.

लॅपटॉपवरचा काटा खाली आला. काकांनी नुसतं काकूंकडे पाहिलं.

"नंतर करते रे," काकू म्हणाल्या. "ह्यांची मोजणी चाललीये." आणि त्यांनी फोन ठेवला.

काटा वर गेला, तो इमारतीच्या इतिहासात कधी गेला नव्हता इतका वर गेला. पाटी त्याच दुपारी लागली. ती छान दिसते. काकू स्वयंपाकघरात जाऊन रडल्या. मोजणीत ते धरत नाहीत.

इथवर वाचून आपल्याला काका हास्यास्पद वाटले असतील, आणि आपल्या घरी वेग नेमका किती मिळतो, अशी बारीकशी शंकाही आली असेल. जरूर मोजून बघा. फक्त त्याआधी आतल्या खोलीत हाक मारून सांगा, जरा फोन ठेव म्हणून. कुणाशी बोलणं चाललंय, हे विचारत बसू नका. आतलं माणूस ठेवेल. त्याला आपली सवय आहे.