गिरणीमागची अळंबी

रेजिस आणि त्याची बायको सोलांज ओनोरेकडे आठ दिवसांसाठी म्हणून आले, त्याला आता सहा आठवडे होत आले होते. पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, हे खरं; पण इथे अक्कल गेली होती ती यजमानाची. दर शनिवारी सोलांज बॅगा काढायची, आणि दर शनिवारी ओनोरे काहीतरी नवीन कारण काढायचा. "अगं, प्लम पिकायचेत अजून." "अगं, द्राक्षं उतरायचीत." बिचारी बॅग परत माळ्यावर जायची.

त्याचंही बरोबर होतं म्हणा. बायको ओदेत वारल्यापासून दोन वर्षं हा माणूस स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, सॉसपॅनमधूनच जेवत होता. आता रोज टेबलावर तीन ताटल्या लागत, पत्ते खेळताना भांडणं होत, आणि रेजिस वर्तमानपत्रातल्या मृत्यूच्या बातम्या मोठ्याने वाचून "हा आपल्याहून लहान होता बघ" म्हणत खूश होई. दोघं सैन्यात एका बराकीत होते. ओनोरेने त्याला घर दिलं, तळघरातली दारू दिली, स्वतःची खुर्चीसुद्धा दिली. एक गोष्ट तेवढी दिली नाही: अळंबीची जागा.

आमच्या कोरेझ जिल्ह्यात माणूस बायकोपासून काही लपवत नाही, ही जागा सोडून. ती बाप मुलाला सांगतो, आणि तीही अगदी शेवटच्या घटकेला. ओनोरेच्या बापाने तर दवाखान्यात आधी नर्सला खोलीबाहेर घालवलं, मग गुपित राखण्याचा शब्द घेऊन तोंड उघडलं. ओदेतला चाळीस वर्षांत पत्ता लागला नाही. रेजिस रोज विचारायचा, "कुठून रे आणतोस एवढी?" ओनोरे हात हवेत हलवून सांगायचा, "त्या तिकडे. रानात."

बुधवारी संध्याकाळी रेजिस ओनोरेच्या चष्म्यावर बसला. चष्म्याचे दोन तुकडे झाले, तरी गुरुवारी पहाटे ओनोरे टोपली घेऊन निघालाच. "डोळे कशाला लागतात? पन्नास वर्षं तोडतोय, हाताला कळतं," म्हणाला. दुपारी साडेबारापर्यंत त्या अळंबीचं भलंमोठं आम्लेट तिघांनी फस्त केलं. मग सोलांज कोंबड्यांना टाकायला म्हणून सालं-देठं गोळा करू लागली आणि थबकली.

"ओनोरे, हा देठ लाल कसा रे?"

ओनोरेने तो नाकाला लावून पाहिला. "कुठाय लाल? मला तर करडा दिसतोय."

"चष्म्याशिवाय तुला मीसुद्धा करडीच दिसत असेन!"

रेजिसने काटा खाली ठेवला. दहाव्या मिनिटाला त्याला घाम फुटला, विसाव्याला पोटात मुरडा आला. अँब्युलन्स तालुक्याहून यायला पाऊण तास, आणि आल्यावर तेही पहिलं विचारणार की अळंबी कुठली होती. ते ओळखणार कोण? तर गावातल्या औषधाच्या दुकानातल्या लाकोंब बाई. आमच्याकडे अळंबी त्यांनाच नेऊन दाखवतात. पण दुकान दोनला उघडतं. बारा ते दोन आमच्याकडे यमसुद्धा जेवायला बसतो. तिघं जण सालांची पुडी घेऊन बंद दारासमोरच्या बाकावर बसून राहिले. रेजिस पोट धरून कण्हत होता आणि ओनोरे दर मिनिटाला त्याची नाडी बघत होता.

गुरुवार म्हणजे बाजाराचा दिवस. दोन वाजता दार उघडलं तेव्हा मागे रांग लागली होती. रेजिसचा चेहरा बघून लोकांनी त्यांना पुढे जाऊ दिलं, पण दुकानातून हललं कुणीच नाही. लाकोंब बाईंनी पुडी उलगडली, देठ चिरला. तो बघता बघता निळा पडला.

"दोहोंपैकी एक आहे," बाई म्हणाल्या. "एक शिजवून खाल्लं तर काही होत नाही. दुसरं भयंकर. चुन्याच्या मातीतलं असेल, तर आत्ता अँब्युलन्स बोलावते. कातळावरचं असेल, तर खुशाल घरी जा. कुठे तोडलंत?"

"कातळावर," ओनोरे म्हणाला.

"कुठल्या?"

"रानातल्या."

"रानात असं सगळेच सांगतात. तुम्हाला चष्म्याशिवाय पायाखालचं तरी दिसलं का? जागा सांगा, मातीचं माझं मी बघते."

शेजारचा फेलिक्स खोकल्याचं औषध घ्यायला आला होता, त्याने खोकला दाबून धरला होता. "लोकांसमोर नको तर कानात सांगा," म्हणत बाई काउंटरवरून वाकल्या. पण दर ऑक्टोबरात टोपली घेऊन ओनोरेच्या मागावर फिरणाऱ्यांत याच बाई पहिल्या! ओनोरे एक पाऊल मागे सरला.

"अरे, माझा माणूस चाललाय," सोलांज किंचाळली, "आणि तू कुत्र्याच्या छत्र्या कवटाळून काय बसलायस!"

रेजिस खुर्चीवरून घसरत खाली आला होता. त्याने ओनोरेची बाही धरली. "राहू दे, सोलांज. बापाला शब्द दिलाय त्याने."

हे मात्र ओनोरेला सोसवलं नाही. "पडक्या गिरणीमागे!" तो असा ओरडला की चर्चपर्यंत ऐकू गेलं असेल. "ओढा ओलांडून वर! चार चेस्टनटांच्या खाली!"

"तिथे सगळा कातळच आहे," बाई म्हणाल्या. "काही होत नाही यांना. आम्लेट किती खाल्लं?"

"तीनदा घेतलं," सोलांजने सांगितलं. "त्यावर चीज. त्यावर प्लमचा केक."

बाईंनी पेल्यात फसफसणारी गोळी टाकली. रेजिसने पेला रिकामा केला, अख्ख्या गावासमोर एक दणदणीत ढेकर दिला आणि तो ठणठणीत झाला.

संध्याकाळी ओनोरे जेवला नाही. "उद्या सकाळी तिथे देठ उरायचा नाही," एवढंच म्हणाला.

"माझ्यापायी गेलं सगळं," रेजिस पुटपुटला.

"गप रे! तू गेला असतास तर ती अळंबी मी कुणाबरोबर खाल्ली असती?" ओनोरे खेकसला आणि खिडकीबाहेर बघत बसला. त्याचे डोळे भरून आले होते.

शुक्रवारी उजाडता उजाडता दोघं गिरणीमागे गेले. शेवटचं बघून घ्यावं, एवढीच इच्छा. आणि काय? तिथे चिटपाखरू नव्हतं. चार चेस्टनटांखाली अळंबी गुबगुबीत, जशीच्या तशी उभी होती. पलीकडच्या डोंगरावर मात्र, चुन्याच्या भट्टीकडे, अकरा गाड्या लागल्या होत्या आणि अख्खं गाव झुडपांत शिरून एकमेकांवर ओरडत होतं.

दुपारी कॅफेत फेलिक्स आला. अंगभर कुसळं, टोपली रिकामी. तो सरळ यांच्या टेबलापाशी आला आणि त्याने टोपी काढली.

"ओनोरे, मानलं तुला. मित्र पायाशी मरायला टेकलाय, आणि तू छातीठोकपणे खोटं बोललास! म्हणे गिरणीमागे! म्हणजे तिथे नक्कीच नाही, हे न जाताच कळलं, म्हणून आम्ही उरलेलं रान पालथं घातलं. आज तुझा बाप असता ना…"

ओनोरेचे कान लाल झाले. बापाचा शब्द त्याने भर दुकानात मोडला होता, आणि त्याबद्दल बापाच्या नावाने त्याची पाठ थोपटली जात होती. माणूस मुळात सरळ. "फेलिक्स, अरे, मी खरंच…" त्याने सुरुवात केली.

टेबलाखाली रेजिसचा बूट त्याच्या पायावर पडला.

"खरंच हरामखोर आहे हा," रेजिस म्हणाला. "सहा आठवडे याच्या घरी जेवतोय मी. वाटलं, माझा जीव जातोय म्हटल्यावर तरी खरं बोलेल. कसलं काय! मेलो असतो, तरी हा बोलला नसता." बोलता बोलता त्याने रुमाल काढून खसाखसा नाक पुसलं.

कॅफेतल्या सगळ्यांनी उभं राहून ओनोरेकडे पेले उंचावले. त्याने खाली मान घालून आपला पेला उचलला, आणि फेलिक्सने आणखी एक बाटली मागवली.