कुंपणाला माहीत नसलेली गोष्ट

दिशाशोध शर्यतीत कुंपण ओलांडायचं असेल, तर त्या कुंपणाला आधी माहीत नसलेली एक खरी गोष्ट सांगावी लागते. हातात नकाशा आणि होकायंत्र घेऊन रानात लावलेल्या खुणा शोधत पळायची ही शर्यत आमच्या तालुक्यात दरवर्षी होते, आणि कुंपणाचा नियम पहिल्यापासून आहे. काहींना तो जाचक वाटतो. मला वाटत नाही. बिचारं कुंपण जन्मभर दोन्ही बाजू बघतं, पण कोण कशासाठी आलं आणि का गेलं हे त्याला कोणी सांगत नाही. ते चौकशी करणार नाही तर काय करणार?

कुंपणाकुंपणात फरक असतो. तारेचं कुंपण वयानं लहान, त्याला क्रिकेटचा स्कोअर सांगितला तरी ते ढिलं पडतं. दगडी कुंपणाला सोयऱ्याधायऱ्यांतलं काहीतरी लागतं. सगळ्यांत अवघड निवडुंगाचं, कारण ते जुनं असतं आणि त्याला बहुतेक सगळं माहीत असतं. यंदा पंच म्हणून माझी नेमणूक आमच्या वस्तीखालच्या निवडुंगाशी झाली. पंचानं कुंपणाशेजारी खुर्ची टाकून बसायचं, गोष्ट मोठ्यानं सांगितली जाते की नाही ते ऐकायचं, आणि मध्ये तोंड घालायचं नाही. यातलं शेवटचं मला फार जड जातं.

सकाळी पहिल्यांदा शहरातला एक मुलगा आला. बूट भारी, चष्मा त्याहून भारी.

"काय विशेष?" कुंपणानं विचारलं.

"विशेष काही नाही, चाललंय," असं म्हणत त्यानं पाय उचलला.

निवडुंग जागचं हललं नाही. ज्याचं विशेष काही नाही त्यानं कालव्याच्या पुलावरून वळसा घालायचा, असा नियम आहे. मी त्याला रस्ता दाखवला. दरवर्षी निम्मे स्पर्धक इथंच मागे पडतात. नकाशा वाचता येतो, दिशा कळते, पण 'काय विशेष' म्हटलं की तोंडातून 'चाललंय' निघतंच. त्याला इलाज नाही.

मग मुलींची शर्यत सुरू झाली आणि सगळ्यांच्या पुढे वैजयंता भोईटे आली. ही आमच्याच वस्तीवरची. पहिल्या येणाऱ्या मुलीची राज्याच्या संघात निवड होणार होती, आणि वैजयंताचं वय पुढच्या वर्षी बसत नव्हतं. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. ती येताना दिसली तेव्हा मला आनंद झाला, आणि लगेच काळजीही वाटली. या कुंपणानं तिला रांगती पाहिली होती.

"काय विशेष?"

"आमची म्हैस व्याली," ती धापा टाकत म्हणाली.

"रेडी झाली. मला हंबरणं ऐकू आलं."

"मला नर्सिंगला नंबर लागला."

"तुझा चुलता वाटेनं सांगतच गेला की."

"दादाचं लग्न मोडलं."

"ते माझ्याच आडोशाला मोडलं, पोरी. दोघंबी रडत होती."

हे मलाही माहीत नव्हतं. दोघं म्हणजे दुसरी कोण, हे विचारायला माझी जीभ वळवळली, पण मी पंच होतो.

तेवढ्यात पन्हाळ्याकडची एक उंच मुलगी पळत आली. "काय विशेष?" म्हटल्याबरोबर ती म्हणाली, "माझ्या आत्याला मयतीत हसू आवरत नाही." कुंपणाला ते फारच आवडलं. निवडुंग दोन्हीकडे सरकलं आणि ती पार झाली. परगावच्या माणसाचं हेच बरं असतं, त्याची आत्या कुणाला माहीत नसते.

वैजयंता त्या फटीकडे बघत राहिली. फट लगेच बुजलीसुद्धा. मग तिनं मागं वळून पाहिलं. अलीकडच्या रानात तिची आई, शालनवहिनी, गवत कापत होत्या. शर्यत बघायला म्हणूनच त्यांनी आज ते रान धरलं होतं.

"काका, हळू सांगितलं तर चालतं का?" वैजयंतानं मला विचारलं.

"पंचाला ऐकू आलं पाहिजे."

"म्हणजे तिलापण ऐकू जाणार."

"जाणार," मी म्हणालो. मला फार वाईट वाटलं, पण नियम मी केला नव्हता.

तिनं कुंपणाकडे तोंड केलं आणि सांगितलं, "निवड झाली तर मी परत वस्तीवर राहायला येणार नाही. संघाबरोबर शहरात जाईन ती तिकडंच राहणार, कायमची. मी आईला सांगितलेलं नाही."

विळ्याचा आवाज थांबला.

"हे मला माहीत नव्हतं," कुंपण म्हणालं. त्याला ते ऐकून बरं वाटलं असं काही दिसलं नाही. पण नियम त्यालाही लागू होता. निवडुंग बाजूला झालं. वैजयंता मात्र हलेना.

"पळ की गं!" शालनवहिनी रानातून ओरडल्या. "ती बघ कुठं गेली!"

वैजयंता पळाली. निवडुंग मिटलं. शालनवहिनी विळा कमरेला खोचून कुंपणापाशी आल्या. शर्यतीचा शेवट पलीकडच्या माळावर होता आणि पुलावरून जाईपर्यंत सगळं उरकलं असतं.

"काय विशेष?" कुंपणानं त्यांनाही विचारलं, जरा हळू.

"ती जाणार हे मला दोन वर्सांपास्नं ठावं हाय," त्या म्हणाल्या.

कुंपण म्हणालं, "मग बोलली का न्हाईस?"

"तिनं सांगायची वाट बघत हुते."

निवडुंग उघडलं, स्पर्धकांसाठी उघडतं त्याहून बरंच रुंद. बघ्यांना मनाई असल्याचं नियमांत कुठं नाही, म्हणून मी हरकत घेतली नाही. वहिनींनी पदर खोचला आणि त्या माळाच्या दिशेनं पळत सुटल्या.

थोड्या वेळानं शिट्टी वाजली आणि मागोमाग त्यांचा आवाज आला, "आली! माझी पयली आली!" पुढं नुसतं रडणं ऐकू येत राहिलं.

"ही आनंदानं रडते का दुःखानं?" कुंपणानं मला विचारलं.

"दोन्हीनं."

"एकाच वेळी?"

"हो."

"हेही मला माहीत नव्हतं," कुंपण म्हणालं. माझ्या खुर्चीसमोरचं निवडुंग सावकाश दोन्ही बाजूंना सरकलं आणि तसंच उघडं राहिलं. पंचानं जागा सोडायची नसते. मी उठलो आणि पलीकडे गेलो.