मापसाहेबांचा नदीवरचा शर्ट

रविवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बोट धक्क्यावरून सुटली. दहा वाजून वीस मिनिटांनी मापसाहेबांच्या मांडीवर एक बाई येऊन बसल्या.

बाई कुणी परक्या असत्या तर प्रकरण माफी मागून मिटलं असतं. पण त्या मापसाहेबांच्या होणाऱ्या जावयाच्या मातोश्री होत्या. आणि तो जावई खरोखर होणार की नाही, हे त्याच दिवशी, त्याच बोटीवर, त्याच बाई ठरवणार होत्या!

मापसाहेब म्हणजे वजनमापे निरीक्षक. एकतीस वर्षं त्यांनी दुकानादुकानांतले तराजू तपासण्यात घालवली. सख्ख्या साडूच्या दुकानातला वजनकाटा पाच ग्रॅमनी खोटा निघाला, तेव्हा त्यांनी तोही सील केला आणि मग साडूकडेच जेवायला थांबले. साडूने त्या दिवशी रागाने ठेवलेलं हे नाव पुढे गावाने मायेने उचललं.

त्यांची मुलगी फिजिओथेरपिस्ट. एका दातांच्या डॉक्टरची वाकून वाकून पाठ धरली होती, ती हिने सोडवली. पाठ सुटली, पण डॉक्टर अडकला! मुलीच्या घरी सगळे खूश होते. प्रश्न होता डॉक्टरच्या आईचा. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. शाळेत त्यांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत आणि घरात मुलगाही चुकून तेच म्हणे. त्यांचं म्हणणं एकच होतं: माणसं पाहिल्याशिवाय मी हो म्हणणार नाही.

"नदीवरच्या सफरीला बोलावू या त्यांना," मापसाहेबांच्या पत्नीने सुचवलं. "दोन तास गप्पा होतील. आणि बोटीवर एक सोय असते. कुणी रुसलं तरी उठून जाता येत नाही!"

बेत पक्का झाला. राहिला कपड्यांचा प्रश्न.

"तो माझ्यावर सोडा," मापसाहेब म्हणाले. "बोटीवर काय घालावं हा आवडीनिवडीचा नाही, निकषांचा विषय आहे."

त्यांनी निकष काढले. कापडावर पाण्याचा शिंतोडा टिकता कामा नये. ते उन्हात विटू नये, वाऱ्यावर फडफडू नये, दोन तास बसून चुरगळू नये आणि डाग पडलाच तर दिसू नये. ही यादी खिशात घालून ते कापडाच्या दुकानात गेले. दुकानदाराने तागे काढले. मापसाहेबांनी प्रत्येक तागा पंख्यासमोर धरला, घड्याळ लावून एक मिनिट मुठीत चुरगळला आणि त्यावर पाण्याची बाटली वाकडी केली. बाविसाव्या ताग्यानंतर दुकानदार मुकाट्याने मागच्या खोलीत गेला आणि एक जाडजूड तुकडा घेऊन आला. शेवाळी रंग, त्यावर तळहाताएवढी पिवळी पानं.

कापडाने पाणी झटकलं. पंख्यापुढे ते भिंतीसारखं उभं राहिलं. मुठीतून सुटलं ते स्प्रिंगसारखं पूर्ववत झालं.

"यापूर्वी का नाही दाखवलंत?"

"साहेब, मागच्या महिन्यात एक गृहस्थ आले होते. अगदी असंच पाणीबिणी ओतून बघत होते. सगळा तागा तेच घेऊन गेले, एवढंच उरलंय."

"शहाणा माणूस!" मापसाहेब म्हणाले. त्या शहाण्या माणसाने कापड कशासाठी नेलं, हे विचारण्याचं मात्र त्यांना सुचलं नाही.

शिंप्याच्या दोन सुया मोडल्या. "साहेब, शर्टच शिवायचा ना?" असं त्याने तीनदा विचारून घेतलं. उरलेल्या तुकड्याची टोपी झाली. घरी शर्ट आला तेव्हा तो टेबलावर आपला आपणच उभा राहिला.

"अहो, हे घालायचंय का अंथरायचंय?" पत्नीने विचारलं.

"सगळ्या चाचण्यांत उत्तीर्ण झालाय तो!"

"माझ्या चाचणीला बसला नाही अजून!"

पण मापसाहेब ठाम राहिले.

रविवारी मोठ्या बाईंना यायला उशीर झाला. मायलेकी त्यांची वाट बघत धक्क्यावर थांबल्या आणि मापसाहेब पुढे गेले. "मी आत जाऊन पाच जागा धरतो," म्हणाले.

बोटीला वर मोकळा डेक होता आणि खाली बसायची खोली. खोलीत शिरताच मापसाहेबांना धन्य वाटलं. सगळ्या आसनांच्या खोळी शेवाळी होत्या, त्यांवर पिवळी पानं. खिडक्यांचे पडदेही तसेच! दुसरा कुणी असता तर तिथेच पाठ फिरवून पळाला असता. मापसाहेबांनी मात्र मान डोलावली. पाणी, ऊन, वारा, बैठक, सगळ्याचा विचार करून दुसरा एक माणूस स्वतंत्रपणे याच कापडापाशी पोचला होता. पडताळणीचा याहून भक्कम पुरावा कुठला?

समाधानाने ते कोपऱ्यातल्या आसनावर बसले. मग सवय गप्प बसू देईना. बोटीच्या अंगावर एक रेषा रंगवलेली असते. ती पाण्याखाली गेली की बोटीत भार जास्त झाला असं समजायचं. ती रेषा बघायला त्यांनी पडद्याआडून खिडकीबाहेर डोकं काढलं. आत उरला तो फक्त शर्ट.

इकडे बोट सुटता सुटता मोठ्या बाई मुलासह चढल्या आणि थेट वर गेल्या. उन्हात पंधरा मिनिटं ओळखपाळख झाली. मग मापसाहेबांच्या पत्नी म्हणाल्या, "चला खाली. यांनी जागा धरून ठेवल्यात." मोठ्या बाई सर्वांच्या पुढे निघाल्या, ती शाळेतली चौतीस वर्षांची सवय होती. लख्ख उन्हातून अंधाऱ्या खोलीत उतरल्या, कोपऱ्यातलं एक छान फुगीर आसन त्यांना दिसलं आणि त्या बसल्या.

"ही जागा भरलेली आहे," पडद्यामागून आवाज आला.

मोठ्या बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. शेजारी कुणी नव्हतं.

"एकदा सांगितलं ना! इथे माणूस बसलाय!"

आणि आसन हललं.

चौतीस वर्षांत ज्या बाईंना कुणी ओरडताना ऐकलं नव्हतं (त्यांना ओरडावं लागतच नसे), त्या एवढ्या मोठ्याने ओरडल्या, की बोटीचा मॅनेजर शिट्टी फुंकत धावत आला. मागून उतरलेल्या तिघांनी पाहिलं तेव्हा मोठ्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, आणि आसनाला मान फुटून ते नमस्कार करत होतं.

"आई, हे माझे बाबा," मुलगी मोठ्या बाईंना म्हणाली. ओळख करून देण्यात यापेक्षा कमी यश कुणाला आलं नसेल.

"बाई, माफ करा. मी रेषा बघत होतो," मापसाहेब म्हणाले.

"कसली रेषा?"

"भाराची."

मोठ्या बाईंचा चेहरा पडला. त्या अंगाने भारदस्त होत्या.

पत्नीने कपाळाला हात लावला. पण प्रकरण इथे थांबलं नाही, कारण मॅनेजर शर्टाकडे टक लावून बघत होता.

"साहेब, हे कापड तुमच्याकडे कसं?"

"विकत घेतलं."

"सगळा तागा तर मी आणला होता! आणि गुरुवारपासून माझा एक पडदा गायब आहे. चोवीस होते, आता तेवीस आहेत!"

"मोजून सांगताय की अंदाजाने?"

"मोजून!"

मापसाहेबांना कुणाच्याही मोजणीवर विसंबायची सवय नव्हती. ते उठले, खिडकी खिडकी फिरले आणि परत येऊन म्हणाले, "बरोबर आहे. तेवीसच आहेत."

"बाबा!" मुलगी कळवळली. "तुम्ही कुणाच्या बाजूने आहात?"

"आकड्याच्या. पण काळजी करू नकोस." त्यांनी खिशातून टेप काढली आणि एका पडद्याला लावली. "हे बघा मॅनेजर. पडदा एक मीटर सत्तर. एवढ्यात माझ्या मापाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट निघूच शकत नाही."

"तुमचा हाफ बाह्यांचा आहे," मॅनेजर म्हणाला.

मापसाहेबांनी दंडाकडे पाहिलं. "हो. हाफ बाह्यांचा निघेल," त्यांनी कबूल केलं.

"आणि वर टोपीपुरतंही उरेल," मोठ्या बाई म्हणाल्या. गणित हा त्यांचा विषय होता.

"पडदा सापडेपर्यंत शर्ट माझ्या ताब्यात द्या," मॅनेजर म्हणाला.

भल्यातला भला माणूसही इथे भांडला असता. मापसाहेब भले होतेच, पण त्याहून जास्त नियमाचे होते. एकतीस वर्षं त्यांनी लोकांचे तराजू जप्त केले होते आणि 'मी निर्दोष आहे' म्हणून हुज्जत घालणाऱ्या दुकानदारांचा त्यांना मनस्वी कंटाळा होता. "जप्तीचा कागद करा. दोन साक्षीदार लागतील," असं म्हणून त्यांनी बटणं सोडली. पहिली सही करायला त्यांनी पेन मोठ्या बाईंच्याच हातात दिलं!

बनियनवर उभे असलेले होणारे व्याही बघून मोठ्या बाईंनी खिडकीकडे तोंड फिरवलं.

"अहो, काहीतरी घाला अंगावर!" पत्नी दबक्या आवाजात म्हणाल्या. घालण्यासारखं एकच होतं. डॉक्टरने भिंतीवरचं नारिंगी लाइफ जॅकेट काढून सासरेबुवांच्या गळ्यात अडकवलं. त्याचा हेतू चांगला होता.

मागच्या रांगेत एक किराणा दुकानदार सहकुटुंब बसला होता. त्याच्या काट्याला मापसाहेबांनी दोनदा टाळं ठोकलेलं होतं. त्याने बायकोच्या कानात सांगितलं, "ते वजनमापवाले साहेब बघ. जॅकेट घालून बसलेत!"

"असू देत की."

"अगं, तो माणूस उगाच काही करत नाही! मघाशी डोकं बाहेर काढून रेषा बघत होता. भार जास्त झालाय!"

कानातली गोष्ट तीन रांगा पुढे गेली तेव्हा बोटीत पाणी शिरलं होतं. डेकवर पोचली तेव्हा ते गुडघ्यापर्यंत आलं होतं. लोक जॅकेटांच्या पेटीकडे धावले. पेटी डाव्या बाजूला होती, त्यामुळे बोट डावीकडे कलली. ती कललेली पाहून उरलेल्यांची खात्री पटली आणि तेही धावले!

मापसाहेब बाकावर चढले. "घाबरू नका!" त्यांनी आवाज चढवला. "बोटीची क्षमता साठ आहे, आपण छप्पन्नच आहोत! बुडायला अजून निदान पाच माणसं लागतील!"

यानंतर जो गोंधळ झाला, त्यात कुणीतरी कुणाच्यातरी आजोबांना दोन जॅकेटं घातली.

"जो जिथे आहे, तिथेच थांबेल!"

हा आवाज मोठ्या बाईंचा. तो चढा नव्हता, पण छप्पन्न माणसं जागच्या जागी थिजली. तळातल्या इंजिनवाल्याने इंजिनसुद्धा बंद केलं.

"दोन ओळी. उंचीप्रमाणे. बोलायचं नाही. किराणावाले, तुम्हालाच म्हणतेय!"

ओळी झाल्या. मापसाहेब दोन्ही ओळींमधून एकदा चालत गेले. "डावीकडे एकतीस, उजवीकडे पंचवीस. तीन जणांनी इकडे या. नाही, थांबा. वजनाने बघायचं तर दोघे पुरतील. तुम्ही, आणि हे काका."

"ऐकलंत ना? दोघे. पळायचं नाही," मोठ्या बाई म्हणाल्या.

बोट सरळ झाली. जॅकेटांच्या आड, एकमेकांकडे न बघता, मापसाहेब आणि मोठ्या बाई दोघांनी एकाच वेळी सुस्कारा सोडला. डॉक्टरने मुलीचा हात धरला. एवढ्यात इंजिनवाला काय झालं ते बघायला वर आला. तेलकट हात तो ज्या फडक्याला पुसत होता, ते शेवाळी होतं आणि त्यावर पिवळी पानं होती. मापसाहेबांचं निर्दोषत्व असं साक्षात खोलीत येऊन उभं राहिलं, पण ते पाहायला कुणालाच सवड नव्हती. फक्त मॅनेजरने पाहिलं, आणि त्याने चोविसावा पडदा घाईघाईने शिडीखाली ढकलला.

दोन तासांची सफर पन्नास मिनिटांत संपली. बोलणी झालीच नाहीत. धक्क्यावर उतरल्यावर मोठ्या बाई मापसाहेबांच्या पत्नीला म्हणाल्या, "मुलीत नाव ठेवायला जागा नाही. वडिलांचा मात्र मला विचार करावा लागेल."

सगळे घरी पोचले. मुलगी खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. मापसाहेबांनी ते बंद दार बराच वेळ बघितलं. तराजूवर घालता न येणारी ही एवढी एकच गोष्ट त्यांच्या घरात होती.

सोमवार कोरडा गेला. मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला फोन वाजला. पत्नीने उचलला. मोठ्या बाईच होत्या. बरं आहे का, वगैरे काही नाही. "तुमच्या यजमानांच्या शर्टाचं माप सांगा," एवढंच.

पत्नीने छाती सांगितली, खांदा सांगितला, बाही सांगितली, पोट सांगितलं. फोन ठेवून नाचायच्याच बाकी होत्या.

"अहो, माप विचारलं! शर्ट शिवून देणार तुम्हाला! म्हणजे होकारच की!"

"माप घेतलं म्हणजे मंजूर झालं असं नसतं," मापसाहेब म्हणाले. "मी एकतीस वर्षं मापं घेतोय. निम्मी नामंजूर केलीत." मग त्यांनी भुवया आक्रसल्या. "पोट किती सांगितलंस?"

"अठ्ठ्याण्णव."

"एकशे चार आहे."

"असू द्या हो! पहिल्याच फोनवर कुणी खरं पोट सांगतं का? आता काही बोलू नका तुम्ही!"

खोलीचं दार उघडून मुलगी बाहेर आली होती. तिने हात जोडले. "बाबा, नको. प्लीज."

मापसाहेब तीन मिनिटं खुर्चीत बसून राहिले. चौथ्या मिनिटाला त्यांनी फोन लावला, आपलं नाव सांगितलं आणि दुरुस्ती कळवली: पोट अठ्ठ्याण्णव नव्हे, एकशे चार, तेही जेवणाआधी.

पलीकडे पेनाचं टोपण निघाल्याचा आवाज आला.

"लिहून घेतलं," मोठ्या बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

गुरुवारी दुपारपर्यंत यापेक्षा अधिक माहिती मिळू शकलेली नाही.