एक वाजून दहा मिनिटांचा घातपाती

स्थळ: धरणगाव, आमच्या वाचनालयाची वरची खोली. काळ: मे महिन्यातील दुसरा मंगळवार, सकाळचे साडेदहा, उष्णतामान एकोणचाळीस अंश आणि चढते.

मी तोताराम, या वाचनालयाचा मानद चिटणीस व निवृत्त मराठी अध्यापक. पारोळ्यापासून दोंडाईच्यापर्यंत माझ्या तोडीचा तर्कनिष्ठ अन्वेषक मला स्वतःलाही आढळलेला नाही. आजवर हाती घेतलेल्या अकरा प्रकरणांत मी एकूण सव्वीस गुन्हेगार सिद्ध केले आहेत.

बारावे प्रकरण प्रमिलाबाईंचे. त्यांची आई तानुबाई गतवर्षी वारली. तिच्या आवाजातील हळदीची एकोणीस गाणी मीच ध्वनिमुद्रित करून वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर ठेवली होती. अन्यत्र कोठेही नव्हती. प्रत काढणे हे मूळ कृतीवरील अविश्वासाचे लक्षण आहे, असे माझे मत होते. गुरुवारी प्रमिलाबाईंच्या मुलीची, नूतनची, हळद. आणि कॉम्प्युटर म्हणत होता की, डिस्क वाचता येत नाही, फॉरमॅट करायची काय?

"मन्ही मायना आवाज गया का आबा?"

"गेला नाही, बाई. नेला गेला आहे," असे म्हणून मी होकाराच्या बटणाकडे बोट नेले. इतक्या नम्र प्रश्नास नकार देणे मला प्रशस्त वाटेना.

माझे मनगट कोणीतरी पकडले. समोरच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास चालवणारी कामिनी, माझी माजी विद्यार्थिनी. "आबा, हो म्हटलंत तर संपलंच! पुस्तकं कपाटात आहेत, फक्त सूची फाटलीय असं समजा. आधी अख्ख्या डिस्कची प्रत काढू. दुरुस्ती त्या प्रतीवर."

तिने डिस्क आपल्या लॅपटॉपला जोडली. मी कापडदुकानदार नेमीचंदशेठना पाचारण केले.

"शनिवारी आपल्या पेनड्राइव्हमधून व्हायरस आला."

"त्यात सेलची जाहिरात होती, आबा. तुम्ही बारा चुका काढल्या आणि छापूच दिली नाही."

हेतूही सिद्ध झाला: सूड.

"आबा, इकडे बघा," कामिनी म्हणाली. "कॉम्प्युटरच्या नोंदीत दिसतंय, चाळीस दिवस रोज दुपारी एक-दहाला हा एकदम बंद पडलाय. काम चालू असताना वीज गेली, की डिस्क बिघडते."

"वक्तशीर घातपाती! धरणगावात वक्तशीर मनुष्य एकच."

सर्वांनी माझ्याकडे पाहिले.

"परंतु एक वाजता मी घरी जेवत असतो."

"कॉम्प्युटर चालू ठेवून?"

"काम अर्धवट असता यंत्र बंद करणे हे शैथिल्य होय."

त्या दिवशी मी जेवणास गेलो नाही. एक वाजता दाराआड दबा धरून बसलो. सफाई करणाऱ्या लताबाई बादली घेऊन आल्या.

"लताबाई, बाजूला व्हा. येथे सापळा लावला आहे."

"लावा ना. माले कूलरमा पानी टाकनं शे."

त्यांनी बोर्डावरचे बटण दाबले. कूलर थांबला, कॉम्प्युटरचा पडदा काळा झाला.

"घातपाती आला! दार लावा! शेठ, खिडकी धरा!"

नेमीचंदशेठनी खिडकी धरली. लताबाई पाणी ओतत राहिल्या. बॅटरीवर चाललेला आपला लॅपटॉप कामिनीने उराशी धरला होता. "लताबाई, बटण का बंद केलंत?"

"पानी टाकाना पह्यले बंद करनंच पडस, नहीतं करंट लागस. चैतमा आबासले लागेल व्हता. तवयपाईन त्यासनाच हुकूम शे. भीतवर कागद बी शे."

कागद होता. 'कूलरमध्ये जल भरण्यापूर्वी फलकावरील कळ निरपवादपणे बंद करावी. मानद चिटणीस.' 'निरपवादपणे'खाली मी दोन रेघा ओढल्या होत्या.

सायंकाळपर्यंत एकोणीसही गाणी परत आली. नावे मात्र पुसली जाऊन नुसते आकडे उरले होते. प्रमिलाबाई पहिल्या दोन शब्दांवर गाणे ओळखत, कामिनी नाव लिही. सातव्यात तानुबाई मध्येच थांबली आणि म्हणाली, "आबा, जरा पानी पिऊ द्या ना." प्रमिलाबाईंनी तेवढाच तुकडा तीनदा ऐकला.

मी घसा साफ केला. "तांत्रिकदृष्ट्या पाहता, नेमीचंदशेठ अद्याप पूर्णतः निर्दोष..."

प्रमिलाबाईंनी पदराने डोळे पुसले.

"आबा, बेस्तरवारले हळदले या, पोटभर जेवा. मशीनले हात लावू नका."